लोह, प्राणवायू आणि ब्लिओमायसिन

ब्लिओमायसिनच्या कुपीत पांढरट-पिवळसर भुकटी असते. वेष्टनावर ‘१५ युनिट’ असे लिहिलेले, आणि खाली दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवण्याची सूचना. हे औषध कर्करोगाच्या पेशीतला डीएनए तोडते, एवढे एक वाक्य औषधशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते. विद्यार्थी ते पाठ करतात आणि पुढच्या औषधाकडे वळतात. त्या वाक्यात एक मोठी गोष्ट राहून जाते. कुपीतला रेणू जसा आहे तसा डीएनए तोडू शकत नाही. लोहाचा अंशही नसलेल्या द्रावणात हा रेणू आणि डीएनए एकत्र ठेवले, तर डीएनए शाबूत राहतो. लोहाचा एक अणू हाती लागला, त्यावर ऑक्सिजनचा रेणू येऊन बसला, की मात्र तोच रेणू काही मिनिटांत डीएनएचे तुकडे पाडू लागतो. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडते ते औषधाचे एक अंग. बाकीची दोन अंगे, लोह आणि प्राणवायू, रुग्णाच्या शरीरात आधीपासूनच हजर असतात.

हे पुस्तक अशा रेणूंविषयी आहे. मातीतल्या जिवाणूंनी घडवलेले, धातू पकडणारे, आणि त्या धातूच्या जोरावर डीएनएला बिलगणारे किंवा डीएनए मोडणारे हे रेणू. पुढच्या प्रकरणांत त्यांपैकी अनेकांची ओळख होईल. प्रस्तावनेत मी मुख्यतः ब्लिओमायसिनलाच धरून बसणार आहे, कारण या कुळातल्या रेणूंपैकी सर्वांत बारकाईने अभ्यासला गेलेला तोच, आणि रुग्णालयात आजही रोजच्या वापरात असलेलाही तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तो आहे, भारताच्या राष्ट्रीय यादीतही आहे.

दुसरे कारण शिकवण्याशी संबंधित आहे. आपल्याकडे धातूंची संकुले एका सत्रात शिकवली जातात, न्यूक्लिक आम्ले दुसऱ्या सत्रात, आणि औषधांचे फुप्फुसावरचे दुष्परिणाम तर दुसऱ्याच महाविद्यालयात. ब्लिओमायसिन तिन्ही ठिकाणी येते आणि तिन्ही ठिकाणी अर्धवट येते. माझे म्हणणे असे आहे की या तिन्ही गोष्टी मुळात एकच आहेत. गाठ विरघळवणारे रसायन आणि फुप्फुस घट्ट करून टाकणारे रसायन वेगळे नाही. रेणूच्या ज्या कोपऱ्यात धातू बसतो, त्याच कोपऱ्यात दोन्हींचा निकाल लागतो.

या रेणूचा शोध जपानमधला. हामाओ उमेझावा (१९१४–१९८६) हे नाव प्रतिजैविकांच्या इतिहासात कानामायसिनमुळे आधीच मोठे झाले होते. ते १९५७ सालचे काम. त्याच सुमारास, १९५६ मध्ये, त्यांच्या गटाला फ्लिओमायसिन नावाचा पदार्थ सापडला होता. कर्करोगावर तो चालत होता, पण मूत्रपिंडाला इतका घातक की माणसांत वापरणे शक्य नव्हते. मग त्याच्यासारखाच, पण मूत्रपिंडाला सोसेल असा भाऊबंद शोधण्याची मोहीम सुरू झाली. स्ट्रेप्टोमायसीस व्हर्टिसिलस या जिवाणूच्या गाळलेल्या द्रवात १९६२ मध्ये ती क्रिया दिसली आणि १९६६ मध्ये ब्लिओमायसिन नावाने शोध प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये औषध जपानच्या बाजारात आले, १९७३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. फ्लिओमायसिन आणि ब्लिओमायसिन यांच्या गाभ्यात फरक किती, तर एका कड्यातल्या दोन हायड्रोजन अणूंचा. एवढ्याशा फरकाने एक पदार्थ प्रयोगशाळेत राहिला आणि दुसरा दवाखान्यात पोहोचला.

जिवाणूच्या द्रवातून ब्लिओमायसिन पहिल्यांदा वेगळे झाले तेव्हा ते पांढरे नव्हते, निळे होते. वाढीच्या माध्यमात तांब्याचे जे अंश होते ते या रेणूने वेचून घेतले होते आणि तांब्याचे संकुल म्हणूनच तो बाहेर आला. रुग्णाला देण्यासाठी ते तांबे रासायनिक प्रक्रियेने काढून टाकावे लागते, तेव्हा कुठे निळा रंग जातो. आजही जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळांत झिओसिन या नावाने याच कुळातला पदार्थ वापरतात आणि तो तांब्यासकटच येतो. त्याची नळी उजेडात धरली की द्रावण निळे दिसते. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी ती नळी रोज हाताळलेली असते. तो निळा रंग कशाचा, हे मात्र फार थोडे जण विचारतात.

निळ्या रंगाने सुरुवातीला सगळ्यांना तांब्याच्या मागे लावले. पण तांबे घातले की डीएनए तुटणे वाढायच्या ऐवजी थांबायचे. १९६९ च्या सुमारास जपानी गटांनी दाखवले की ब्लिओमायसिन डीएनए तोडते, मात्र द्रावणात मरकॅप्टोइथेनॉलसारखा क्षपणकारक पदार्थ असेल तर क्रिया कितीतरी वाढते. ईडीटीए घातले, म्हणजे धातू बांधून ठेवणारा पदार्थ घातला, की क्रिया बंद पडते. यातून कोणत्या तरी धातूचा हात आहे हे उघड होते. कोणता, हे कळायला आणखी काही वर्षे गेली, आणि त्याचे कारण मला फार शिकवणारे वाटते. धातू कुणी मुद्दाम घातलेलाच नव्हता. काचेच्या भांड्यांतून, बफरच्या क्षारांतून, खुद्द डीएनएच्या नमुन्यातून लोहाचे सूक्ष्म अंश आपोआप येत होते आणि प्रयोग चालवत होते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यक महाविद्यालयात सॉसव्हिल, पायसाख आणि सुझन हॉर्विट्झ यांनी १९७६ मध्ये हे लक्षात आणून दिले. फेरस लोह मोजून घातले, की क्षपणकारक नसतानाही डीएनए तुटतो. ऑक्सिजन काढून घेतला, की तुटत नाही. (याच हॉर्विट्झबाईंनी पुढे १९७९ मध्ये टॅक्सॉल कसे काम करते हे दाखवले. एका कारकिर्दीत अशा दोन गोष्टी क्वचितच घडतात.)

हा प्रयोग आता पदवीच्या प्रयोगशाळेतही करता येतो आणि करावाच असे मी म्हणेन. पीबीआर३२२ हा ४,३६१ जोड्यांचा वर्तुळाकार प्लास्मिड घ्यावा. तो स्वतःभोवती घट्ट पीळ घेतलेला असतो, त्यामुळे अगरोजच्या जेलमधून झपाझप पुढे सरकतो. दोन साखळ्यांपैकी एकीलाच एक छेद बसला की सगळा पीळ सुटतो, वर्तुळ सैल होते आणि जेलमध्ये मागे रेंगाळते. दोन्ही साखळ्या समोरासमोर तुटल्या तर वर्तुळाची सरळ रेघ होते आणि तिचा पट्टा त्या दोघांच्या मधे येतो. आता चार नळ्या लावायच्या: नुसता प्लास्मिड, प्लास्मिड आणि ब्लिओमायसिन, तेच फेरस लोहासह, आणि शेवटची लोहासोबत ईडीटीए घातलेली. दिवा लावून जेल पाहिले की तिसऱ्या घरात पुढचा पट्टा विरळ झालेला, मागचा उठून आलेला, आणि दोघांच्या मधे एक बारीक नवी रेघ. चौथे घर पहिल्यासारखेच. दुसऱ्या घरात मात्र पुष्कळदा थोडासा छेद दिसतोच, आणि विद्यार्थी म्हणतात प्रयोग चुकला. चुकलेला नसतो. ते पाण्यातले लोह असते. ब्लिओमायसिनचा हा गुण इतका भरवशाचा आहे की १९८१ मध्ये गटरिज, रॉली आणि हॅलिवेल यांनी त्यावरून उलटी चाचणीच बसवली: डीएनए किती तुटला यावरून द्रावणात सुटे लोह किती आहे ते मोजायचे. त्यात गुलाबी रंग येतो आणि तो रंगमापकाने वाचता येतो.

आता रेणूकडे. ब्लिओमायसिन ए२ चा रेणुभार सुमारे १,४१५. त्याची रचना सांगायला निघालो तर प्रकरण लागेल, आणि ते पुढे आहेच. इथे चार भाग लक्षात ठेवले तरी पुरे. एका टोकाला धातू धरणारा भाग आहे, दुसऱ्या टोकाला डीएनएत शिरणारी दोन थायाझोल कडी आणि त्यांना जोडलेले धनभारित शेपूट, मधे दोघांना जोडणारा दुवा, आणि बाजूला दोन शर्करा. औषध म्हणून जे मिळते ते ए२ आणि बी२ या मुख्य दोन प्रकारांचे मिश्रण असते. त्यांच्यात फरक फक्त शेपटाचा.

धातू धरणाऱ्या भागात पाच नायट्रोजन लोहाला चहूबाजूंनी घेतात. एक हिस्टिडिनच्या इमिडाझोल कड्यातला, एक पिरिमिडिन कड्यातला, एक अमाइड बंधातला, आणि दोन अमाइन गटांतले, त्यांपैकी एक प्राथमिक आणि एक द्वितीयक. लोहाला सहा जागा असतात. सहावी रिकामी राहते आणि तिथे ऑक्सिजन येतो. जीवरसायनशास्त्र शिकलेल्यांना इथे हिमोग्लोबिन आठवेल, सायटोक्रोम पी-४५० आठवेल. मात्र त्या प्रथिनांत लोह धरायला पॉर्फिरिनचे सपाट कडे असते आणि भोवती शेकडो अमिनो आम्लांचे संरक्षण असते. ब्लिओमायसिन तेच धाडस हजार-दीड हजार भाराच्या रेणूत करते. पॉर्फिरिन नाही, प्रथिनाचे कवच नाही, तरीही ऑक्सिजन सक्रिय करण्याची ताकद तीच. एका जिवाणूने हे साधले याचे मला आजही नवल वाटते.

डीएनएला हा रेणू कसा बिलगतो, यावर पंचवीस-तीस वर्षे वाद होता. अडचण अशी, की लोहाचे सक्रिय संकुल डीएनएजवळ गेले की ते डीएनए तोडून मोकळे होते. चित्र काढायला वेळच मिळत नाही. जोअॅन स्टब्ब, जॉन कोझारिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाच्या जागी कोबाल्ट घातले. कोबाल्टचे हिरवे संकुल आकाराने लोहाच्या सक्रिय रूपासारखेच असते, त्यावर हायड्रोपेरॉक्साइडही बसलेले असते, पण ते शांत राहते. १९९६ मध्ये केंद्रकीय चुंबकीय अनुनादाने त्याचे चित्र मिळाले. २००८ मध्ये जॉर्जियाडिस यांच्या गटाने डीएनएला बांधलेल्या कोबाल्ट-ब्लिओमायसिनची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. दोन्हींत मुख्य गोष्टी जुळल्या. थायाझोलची दोन कडी डीएनएच्या लागोपाठच्या दोन पायऱ्यांमध्ये सरकून बसतात आणि धातूचा भाग डीएनएच्या अरुंद खाचेत उतरतो. तिथे रेणूतले पिरिमिडिन कडे ग्वानिनच्या खाचेकडच्या बाजूशी हायड्रोजन बंध जोडते. ग्वानिनच्या त्या बाजूला एक अमिनो गट असतो, जो अॅडेनिनला नसतो. म्हणून ब्लिओमायसिन ग्वानिन ओळखते, आणि त्याच्या पुढे सायटोसिन किंवा थायमिन असेल तिथे छेद देते. धातू धरणाऱ्या कड्यांपैकीच एक कडे डीएनए वाचण्याचे कामही करते, ही या रेणूतली सर्वांत देखणी गोष्ट. पकडणे आणि ओळखणे यांसाठी दोन वेगळे अवयव त्याने ठेवलेलेच नाहीत.

एकदा तो असा बसला की लोहावरचा ऑक्सिजन साखरेच्या एका विशिष्ट कोपऱ्यासमोर येतो. डीऑक्सिरायबोजच्या चौथ्या कार्बनवरचा हायड्रोजन अरुंद खाचेत डोकावत असतो. नेमका तोच निशाणा. फेरस लोह, ऑक्सिजन आणि आणखी एक इलेक्ट्रॉन एवढे जमले की ‘सक्रिय ब्लिओमायसिन’ तयार होते. त्यात फेरिक लोहावर हायड्रोपेरॉक्साइड असते. डीएनए तुटण्याआधी पकडता येणारी ही शेवटची अवस्था, आणि थंडीत ठेवली तर ती मोजमाप करण्याइतका वेळ टिकते. बर्गर, पायसाख आणि हॉर्विट्झ यांनी १९८१ मध्ये तिचे वर्णन केले. पुढच्या क्षणी काय होते, ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध आधी तुटतो की हायड्रोजन ओढला जाताजाता तुटतो, यावर रसायनशास्त्रज्ञांनी मोठ्या चुरशीने वाद घातले. त्या वादाला या पुस्तकात एक अख्खे प्रकरण दिले आहे आणि ते योग्यच आहे.

हायड्रोजन गेला की चौथा कार्बन एका सुट्या इलेक्ट्रॉनसह उघडा पडतो. इथून वाट दुभंगते. जवळ आणखी ऑक्सिजन असेल तर साखरेचे कडे फुटते आणि साखळी तिथल्या तिथे तुटते. तुटलेल्या एका टोकाला फॉस्फोग्लायकोलेट नावाचा साखरेचा फाटका अवशेष लटकत राहतो आणि आधारक एका छोट्या क्रियाशील तुकड्यासह, प्रोपेनलसह, सुटून जातो. ऑक्सिजन कमी असेल तर साखळी लगेच तुटत नाही. आधारक गळतो, साखर ऑक्सिडीकृत होते आणि त्या जागी एक कमकुवत सांधा राहतो, जो अल्कली लागली की तुटतो.

वर्तमानपत्रांतल्या आरोग्यविषयक लेखांत ब्लिओमायसिनला हमखास ‘कात्री’ म्हटलेले असते. ही उपमा सोडून द्यावी असे मला मनापासून वाटते. कात्रीने कापलेला धागा पुन्हा जोडता येतो, कारण टोके स्वच्छ असतात. पेशीतली काही एन्झाइमे डीएनए खरोखरच तसा कापतात, आणि लायगेज ती टोके पुन्हा सांधते. ब्लिओमायसिन जाळते. फॉस्फोग्लायकोलेट लटकलेल्या टोकावर दुरुस्ती करणारे पॉलिमरेज काम सुरू करू शकत नाही; आधी ते टोक दुसऱ्या एन्झाइमने साफ करावे लागते. त्यातही घातक म्हणजे एकच रेणू डीएनए न सोडता आधी एक साखळी आणि मग समोरची साखळी तोडू शकतो. त्यासाठी त्याला पुन्हा सक्रिय व्हावे लागते आणि धातूचा भाग दुसऱ्या साखळीकडे वळवावा लागतो. असे दुहेरी छेद एकेरी छेदांच्या मानाने थोडे, साधारण दहात एक. पेशी मरते ती मात्र बहुतांशी त्यांच्यामुळेच.

सगळेच धातुधारी रेणू डीएनए तोडतात असे नाही, आणि ते वाचकाच्या मनात आधीच स्पष्ट असलेले बरे. क्रोमोमायसिन आणि मिथ्रामायसिन हेही स्ट्रेप्टोमायसीसचेच. ते मॅग्नेशियम वापरतात. एका मॅग्नेशियमभोवती औषधाचे दोन रेणू जुळतात आणि ती जोडी ग्वानिन-सायटोसिनच्या पट्ट्यात अरुंद खाच रुंदावून बसते. गाओ आणि पटेल यांनी १९८९ मध्ये त्याची रचना दाखवली. मॅग्नेशियमला इलेक्ट्रॉन देण्याघेण्यात रस नसतो, म्हणून इथे तोडफोड होत नाही, फक्त जनुक वाचले जाणे अडते. लोह आणि मॅग्नेशियम यांच्यातला हा फरक मूलद्रव्यांच्या तक्त्यावरूनच सांगता येतो, आणि तो तक्ता औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याने का विसरू नये याचे हे उत्तर आहे. एनिडाइन गटातले रेणू याच्या अगदी उलट: तिथे डीएनए तुटतो, पण धातू लागत नाही. तो विषय या पुस्तकाच्या बाहेरचा.

मग ज्या जिवाणूने हे घडवले तो स्वतः कसा वाचतो? त्याच्याकडे दोन उपाय आहेत. एक प्रथिन ब्लिओमायसिनला धरून ठेवते, डीएनएपर्यंत पोहोचूच देत नाही. दुसरे एन्झाइम रेणूच्या धातू धरणाऱ्या टोकावरच्या प्राथमिक अमाइनला अॅसिटिल गट जोडते, आणि लोहाची पकडच बिघडते. पहिल्या प्रकारचे जनुक आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. त्याचे संक्षिप्त नाव ‘एसएच-बीएलई’, आणि त्यातले ‘एसएच’ म्हणजे स्ट्रेप्टोअॅलोटायकस हिंदुस्तानस हा जिवाणू. ब्लिओमायसिनचाच भाऊ असलेले टॅलिसोमायसिन तो तयार करतो, आणि त्याच्या नावातला हिंदुस्थान हा त्याच्या मातीचा पत्ता आहे. आपल्या देशातल्या मातीतल्या जिवाणूचे एक जनुक जगभरच्या पेशींना झिओसिनपासून वाचवते, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांचे डोळे मोठे होतात.

माणसाच्या पेशीतही एक बचाव आहे. ब्लिओमायसिन हायड्रोलेज नावाचे एन्झाइम रेणूच्या त्याच टोकावरचा, धातूच्या शेजारचा एक अमाइड बंध तोडते आणि औषध निष्प्रभ करते. जिवाणू आणि माणूस यांनी वेगवेगळ्या हत्यारांनी रेणूचा एकच कोपरा निवडला, याहून धातूच्या महत्त्वाचा मोठा पुरावा मला माहीत नाही. हे एन्झाइम नसलेले उंदीर ब्लिओमायसिनला फार लवकर बळी पडतात. आणि हे एन्झाइम माणसाच्या शरीरात सगळीकडे सारखे नसते. दोन ठिकाणी ते विशेष कमी असते: त्वचा आणि फुप्फुसे. म्हणून काही रुग्णांच्या पाठीवर चाबकाचे वळ उठावेत तशा काळ्या रेघा उमटतात. आणि म्हणून फुप्फुसांत, जिथे ऑक्सिजन शरीरात सर्वांत जास्त असतो, तिथे हे औषध दाह सुरू करते आणि पुढे तंतुमय ऊती वाढून श्वास कोंडतो. सुमारे दहा टक्के रुग्णांत फुप्फुसाचा त्रास होतो, एक टक्का रुग्णांत तो जिवावर बेततो. एकूण मात्रा ४०० युनिटच्या वर गेली की धोका झपाट्याने वाढतो, म्हणून डॉक्टर हिशेब ठेवतात. औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड मंद असेल तर तोच हिशेब आणखी काटेकोर करावा लागतो.

एवढे असूनही हे औषध का ठेवले? कारण रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला ते फारसे धक्का लावत नाही. किमोथेरपीच्या बहुतेक औषधांचे हात तिथेच बांधले जातात, त्यामुळे त्यांच्या सोबतीला ब्लिओमायसिन देता येते. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी पसरलेल्या वृषणाच्या कर्करोगावर सिस्प्लॅटिन, व्हिनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन एकत्र दिले. तोवर या आजारात तरुण मुले महिन्यांत जात असत. पहिल्या मालिकेतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्णांत गाठी पूर्ण नाहीशा झाल्या. १९८७ मध्ये व्हिनब्लास्टिनच्या जागी इटोपोसाइड आले आणि बीईपी नावाचे ते त्रिकूट आजही मुख्य उपचार आहे. मिलानमध्ये बोनाडोना यांनी हॉजकिन लिम्फोमासाठी बसवलेल्या एबीव्हीडी या चौकडीतले ‘बी’ म्हणजे हेच औषध.

आणि थांबायचे कधी, हेही वैद्यक शिकले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, वाढलेल्या हॉजकिन लिम्फोमाच्या ज्या रुग्णांचे पेट स्कॅन दोन फेऱ्यांनंतर स्वच्छ आले, त्यांच्यापैकी निम्म्यांचे ब्लिओमायसिन तिथेच बंद केले. तीन वर्षांनंतर रोग न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण जवळजवळ तेच निघाले, एका गटात ८५.७ आणि दुसऱ्यात ८४.४ टक्के, आणि औषध थांबवलेल्यांत फुप्फुसाचा त्रास कमी. नवीन रेणू शोधण्याइतकेच हे काम मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे संशोधनाचे कौतुक नव्या औषधाला मिळते. जुने औषध नेमके किती द्यावे हे ठरवणाऱ्याला ते क्वचित मिळते.

हे पुस्तक मुख्यतः रसायनशास्त्राच्या आणि जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी रेणूची आकृती समोर घ्यावी आणि ते पाच नायट्रोजन पेन्सिलीने शोधून त्यांना गोल करावे. ते सापडले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

पण हे पान रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्याही हाती पडेल, याची मला जाणीव आहे, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठी. १९७८ साली ब्लिओमायसिन घेतलेले पाच रुग्ण नंतरच्या शस्त्रक्रियेत भूल आणि ऑक्सिजन मिळाल्यावर श्वसन बंद पडून दगावल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून भूलतज्ज्ञ अशा रुग्णांत ऑक्सिजन आणि सलाइन दोन्ही बेताने देतात. जास्तीच्या ऑक्सिजनचा वाटा नेमका किती यावर पुढे चर्चा झाली, पण सावधगिरी कुणी सोडलेली नाही. तुम्ही किंवा तुमच्या घरातल्या कुणी कधीही, अगदी वीस वर्षांपूर्वी, ब्लिओमायसिन घेतले असेल, तर कोणत्याही शस्त्रक्रियेआधी ते भूलतज्ज्ञाला स्वतःहून सांगा. बीईपी किंवा एबीव्हीडी एवढे नाव आठवत असेल तरी चालेल. जुनी फाइल सापडत नसेल तर जिथे उपचार झाले तिथून डिस्चार्ज कार्डाची प्रत मागून घ्या आणि ती घरात सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा.